यामाहा एमजी१०एक्सयू: आधी पाठ बघा, मग तोंड

मी धंद्याने वायरमन. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात घरांची फिटिंग, विहिरींवरचे पंप, असली कामं करतो आणि चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत आमच्या भजन मंडळाचा साऊंड सांभाळतो. त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की मी आधी ते फिरवून मागची बाजू बघतो. दुकानदार पुढच्या नॉबचं कौतुक सांगत असतो आणि मी विचारतो, करंट आत येतो कुठून? यामाहाच्या या छोट्या साऊंड मिक्सरच्या (माईक-वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) आवाजाबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. देवळाच्या सभामंडपात तो जोडायचा कसा आणि चालू कुठल्या क्रमाने करायचा, यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मागून पुढे जाणार आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. एका भजन मंडळाला, कीर्तनाला किंवा घरगुती बैठकीला हा मिक्सर उत्तम. डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला, अपुरा. आणि ज्या देवळात अर्थिंग नाही तिथे हाच काय, याच्या दहापट किमतीचा आणलात तरी घुंऽऽ आवाजच ऐकायला मिळेल.

एमजी ही यामाहाची जुनी मालिका. आताचं हे रूप २०१४ साली आलं. डिजिटलच्या जमान्यात हा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर, आणि मला तेच हवं होतं. भजनाच्या मध्यात स्क्रीनवर मेन्यू शोधत बसायला वेळ नसतो. पेटी जास्त झाली की पेटीचा नॉब डावीकडे, संपला विषय. लोखंडी पत्र्याची बॉडी आहे, वजन दोन किलोच्या थोडं वर, एका हाताने उचलून नेता येतो. माईकला चार इनपुट, शिवाय तीन स्टिरिओ जोड्या, मिळून दहा. नावातला दहाचा आकडा बघून दहा माईक लागतील असं समजून बरेच जण फसतात. माईक चारच.

आता पाठ. याचा पॉवर सप्लाय आत नाही, बाहेर अ‍ॅडॉप्टर आहे, पीए-१० नावाचा. चांगला जडशीळ, कारण आत ट्रान्सफॉर्मर आहे. हा अ‍ॅडॉप्टर मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरसारखा डीसी देत नाही, एसीच देतो, फक्त कमी व्होल्टचा. त्याची पिनही वेगळी, तीन काड्यांची. म्हणजे हा घरी विसरलात तर गावातल्या कुणाचाही अ‍ॅडॉप्टर उपयोगाचा नाही. त्याच्यावर मी पेंटने मंडळाचं नाव लिहून ठेवलंय आणि तो मिक्सरच्याच बॅगेत राहतो. वायरींच्या पिशवीत कधीच नाही.

पिन बसवायची तीही नीट. खाचेला खाच जुळवायची, आत ढकलायची आणि बाहेरची रिंग घड्याळाच्या दिशेने फिरवून आवळायची. ही रिंग मला या मिक्सरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट. भजनात माणसं उठतात-बसतात, पोरं मधूनच धावतात, कुणाचा तरी पाय वायरीत अडकणारच. साध्या गोल पिनवाला मिक्सर अशा वेळी गजर ऐन रंगात आलेला असताना गप्प होतो. ही रिंग आवळलेली असली की ओढ बसली तरी पिन जागची हलत नाही. तरीसुद्धा अ‍ॅडॉप्टरची वायर मिक्सरपासून हातभर अंतरावर टेबलाच्या पायाला एकदा बांधून ठेवा. ओढ टेबलाला बसू दे, मिक्सरला नको.

क्रम मात्र असा: आधी पिन मिक्सरला, रिंग आवळून झाली की मग अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला. आणि मिक्सरवरचं बटण बंद म्हणजे करंट बंद, असं धरू नका. ते स्टँडबायचं बटण आहे. अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये असेपर्यंत थोडा करंट चालूच राहतो. पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा ‘बटण बंद केलंय ना’ म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून उपटून ठेवायचा.

मिक्सर पिशवीतून काढण्याआधीचं काम त्याहून मोठं आहे, आणि त्यावर मी जरा वेळ घेणार.

कार्यक्रमाच्या जागी गेलो की पहिलं मल्टिमीटर बाहेर येतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास हवेत. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे-टीव्ही चालू झाले की १९०वर येतात, ते एक वेळ चालेल. पण २६०-२७० दिसले तर सामान उघडायचंच नाही. तीन फेजच्या तात्पुरत्या कनेक्शनमध्ये न्यूट्रल कुठेतरी ढिला असेल तर हेच होतं. एका फेजवरचे बल्ब मंद होतात आणि दुसऱ्या फेजवरचे डोळे दिपतील असे पेटतात. लोकांना वाटतं, आज काय झकास लायटिंग केलंय! त्या झकास फेजवर तुमचा साऊंड असला तर काही मिनिटांत जळका वास येतो.

मग न्यूट्रल आणि अर्थ. इथे एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. दहा-वीस दिसले तर अर्थिंग नावापुरतं आहे. मग फेज आणि अर्थ. हा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळ यायला हवा. डिजिटल मीटर इथे चकवतो. अर्थची वायर कुठेच जोडलेली नसली तरी शेजारच्या वायरीमुळे तो ऐंशी-नव्वद व्होल्ट दाखवू शकतो, आणि नवखा माणूस म्हणतो, ‘आहे की अर्थिंग, जरा वीक आहे.’ वीक नाही, नाहीच आहे. मी टेस्ट लॅम्प लावून बघतो. फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब नीट पेटला तर अर्थिंग खरं. बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की आपोआप बंद पडणारी स्विच) असेल तर ती लगेच ट्रिप होते, कारण ती ३० मिलिअँपिअरला उडते आणि चाळीस वॅटचा बल्ब त्याच्या कितीतरी पट करंट अर्थमध्ये सोडतो. ट्रिप झाली तर उलट खूश व्हा, म्हणजे अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही जागेवर आहेत. हे सगळं जिवंत करंटवरचं काम आहे. या धंद्यातले नसाल तर गावच्या वायरमनला बोलवा. चहा आणि शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. कारण असं. आताच्या पॉवर्ड स्पीकरमध्ये (आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो), लॅपटॉपच्या चार्जरमध्ये करंट आत येतो तिथे फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असला की त्यातला बारीकसा गळका करंट निमूट जमिनीत जातो. अर्थ नसला की तो सगळ्या पत्र्यावर, केबलच्या जाळीवर, तिथून माईकच्या लोखंडी जाळीवर येऊन बसतो. मीटर लावला तर शंभरच्या आसपास व्होल्ट दिसतील. करंट थोडा असतो, पण बुवा अनवाणी, घाम आलेला, खाली नुकतीच पुसलेली लादी, आणि ‘जय जय’ म्हणताना ओठ माईकला टेकतो. चट्‌! पुढचा सगळा अभंग बुवा माईकपासून वीतभर लांबून म्हणतात आणि मागून काकांचा आवाज येतो, ‘अरे, आवाज खंय गेलो?’

हा झाला गळका करंट. एखाद्या स्पीकरच्या आत फेजची वायरच सुटून पत्र्याला लागली तर मग चट्‌ नाही, सरळ जीव जातो. प्लगची वरची जाड, लांब पिन असते ती यासाठी. शेजारच्या एका गावात मंडपवाल्याच्या माणसाने हम, म्हणजे तो घुंऽऽ आवाज, घालवायला स्पीकरच्या प्लगची ती पिनच काढून टाकलेली मी पाहिली आहे. हम गेला, हे खरं. त्याच्याबरोबर संरक्षणही गेलं. मी तो प्लग तिथेच कापला आणि नवा बसवला. माणूस माझ्यावर चिडला, चिडू दे. हम घालवायला अर्थ तोडायचा नसतो. त्याला दुसरे उपाय आहेत, ते पुढे येतील.

सॉकेट पास झालं की एकच चांगला एक्स्टेंशन बोर्ड, जाड वायरचा. मिक्सर, दोन्ही पॉवर्ड स्पीकर, लॅपटॉप, सगळं त्याच एका सॉकेटवरून. मिक्सर गाभाऱ्याकडच्या बोर्डावर आणि स्पीकर मंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, असं केलंत तर दोन जागच्या अर्थमधला फरक सिग्नलच्या केबलमधून वाहायला लागतो, आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झचा भुंगा ऐकू येतो. शिवाय दोन बोर्ड दोन वेगळ्या फेजवर असले आणि काही बिघाड झाला, तर दोन यंत्रांमध्ये चारशे व्होल्ट येऊ शकतात. दोन पॉवर्ड स्पीकर आणि मिक्सरचा लोड फार नसतो, एका सॉकेटवर आरामात चालतो. त्याच बोर्डावर लायटिंगच्या माळा, चहाची इलेक्ट्रिक किटली आणि कार्यकर्त्यांचे मोबाइल नकोत, एवढं बघा. किटलीवरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत.

आता जोडणी. आवाज बाहेर काढायला मिक्सरला कॅननची (तीन पिनांच्या एक्सएलआरची) आउटपुट दिली आहेत, डावं-उजवं, बॅलन्स्ड. इतक्या लहान मिक्सरला कॅनन आउटपुट मिळणं मोठी सोय आहे. सरळ कॅनन केबल काढायची आणि स्पीकरच्या मागे लावायची, मंडपाच्या टोकापर्यंत नेली तरी आवाज स्वच्छ राहतो. बॅलन्स्ड केबलमध्ये तोच सिग्नल दोन तारांवरून सुलटा-उलटा जातो. वाटेत चिकटलेला भुंगा दोन्ही तारांवर सारखाच असतो, म्हणून पुढच्या टोकाला तो वजा होतो. साध्या पी-३८ मोनो पिनवर (पाव इंची जाड गोल पिन) ही सोय नाही. तीन-चार मीटरच्या आत ठीक, त्यापुढे भुंगा. सिग्नलची वायर करंटच्या वायरीला चिकटून, एकाच टेपने बांधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आमच्या देवळात एक जुना अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यावर कळसाजवळचे दोन कर्णे. काकड आरतीला तो लागतो, आणि अजून ठणठणीत आहे. मिक्सरच्या मॉनिटर आउटवरून त्याला सिग्नल दिला की कर्णे आणि मंडपातले स्पीकर दोन्ही चालतात, आणि कर्ण्यांचा आवाज वेगळ्या नॉबवर राहतो. इथे एक जागा जपायची. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट अशा पट्ट्या असतात. कर्ण्यांवर लाइन ट्रान्सफॉर्मर बसवलेला असेल तर १०० व्होल्टच्या पट्टीवर जोडायचं. साधा आठ ओहमचा बॉक्स चुकून त्या पट्टीवर लागला तर बॉक्स जातो, बरोबर अ‍ॅम्प्लिफायरही. आणि १०० व्होल्टची लाइन चालू असताना तिच्या उघड्या टोकाला हात लावलात तर चांगला झटका बसतो. ‘स्पीकरची तर वायर’ म्हणून दाताने सोलणारे महाभाग मला माहीत आहेत.

स्पीकरची वायर वेगळी आणि माईकची वेगळी, हेही सांगून ठेवतो. अ‍ॅम्प्लिफायर ते बॉक्स जाडजूड दोन तारांची वायर लागते. दोन्ही टोकांना पी-३८ आहे म्हणून बारीक जाळीची सिग्नल केबल तिथे चालते असं नाही, गरम होते.

सगळं जोडून झालं, बटणं अजून बंद. आता मिक्सरचे सगळे लेव्हल शून्यावर, गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचा नॉब) शून्यावर, फँटमचं (माईकला केबलमधून करंट देण्याचं) बटण बाहेर आलेलं, स्पीकरच्या मागचा व्हॉल्यूम खाली. मग वाजणारी यंत्रं: इलेक्ट्रॉनिक तानपुरा, लॅपटॉप. त्यांच्यानंतर मिक्सर. दिवा लागला की दहा-वीस सेकंद थांबायचं. सगळ्यात शेवटी स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना बरोबर उलटं: आधी स्पीकर, मग मिक्सर, मग बाकीचे. यामागचं कारण साधं आहे. कुठलंही यंत्र चालू किंवा बंद होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर उसळी येते. स्पीकर आधीच जागा असेल तर ती उसळी पूर्ण ताकदीने ‘धप्प’ करून बाहेर येते आणि ट्विटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, केसाएवढ्या बारीक कॉइलवर बसते. प्रत्येक धप्पला ट्विटर जातो असं नाही, पण जातो तेव्हा दोष मिक्सरवर येतो.

लाइट जाते तेव्हाचा क्रम मात्र लोकांना कोणी शिकवलेला नसतो. आमच्याकडे चतुर्थीतही पाऊस असतो, लाइट जाणार हे गृहीत. गवळण चालू आहे, काळोख झाला, टाळ-पखवाज थांबत नाही, कोरस तर उलट जोरात येतो. सगळे मेणबत्त्या, मोबाइलचे टॉर्च शोधतात. मी स्पीकरकडे जातो आणि मागचे दोन्ही स्विच बंद करतो, मग मिक्सर. कारण लाइट आली की ती सगळ्यांवर एकदम येते, मिक्सर आणि स्पीकर एकाच क्षणी उठतात, कधी ती येते-जाते-येते असं दोन-तीनदा करते. जनरेटर असेल तर तो चालू करून मिनिटभर नुसता पळू द्यायचा, मीटर लावून व्होल्ट बघायचे आणि मगच चेंजओव्हर टाकायचा. सुरू होताना आणि पेट्रोल संपत आल्यावर छोट्या जनरेटरचे व्होल्ट कसेही नाचतात.

घरच्या इन्व्हर्टरवर हा मिक्सर चालवायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचा बघा. स्क्वेअर वेव्हवाल्या स्वस्त इन्व्हर्टरवर त्याचा ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर स्वतःच गुणगुणायला लागतो आणि तापतो.

फँटम पॉवर. या मिक्सरला ४८ व्होल्टचं एकच बटण आहे, चारही माईकना मिळून. एका चॅनेलला हवा आणि दुसऱ्याला नको, अशी सोय नाही. पेटीसाठी आम्ही छोटा कंडेन्सर माईक वापरतो, त्याला फँटम लागतो. बुवांचा साधा डायनॅमिक माईक, त्याला लागत नाही, पण कॅनन-टू-कॅनन चांगली केबल असेल तर त्याला इजाही होत नाही, कारण दोन्ही तारांवर सारखेच व्होल्ट आल्यावर कॉइलमधून काही वाहत नाही. इजा होते ती केबलमध्ये एक तार जाळीला टेकली असेल तेव्हा, किंवा कोणी मोबाइल नाहीतर तानपुरा मशीन पी-३८ला कॅननची टोपी लावून माईकच्या भोकात घुसवतं तेव्हा. तेव्हा त्या बिचाऱ्या मशीनच्या आउटपुटवर ४८ व्होल्ट जाऊन आदळतात. अशा यंत्रांना पी-३८नेच, स्टिरिओ चॅनेलवर लावा. पी-३८च्या वाटेने फँटम येत नाही.

फँटमचं बटण दाबताना सगळे लेव्हल खाली हवेत, नाहीतर पुन्हा धप्प. आणि फँटम चालू असताना कॅनन काढायचा-घालायचा नाही. कार्यक्रमात माईक बदलावाच लागला तर त्या चॅनेलचा लेव्हल आणि मास्टर दोन्ही खाली, फँटम बंद, थोडं थांबून केबल काढायची. बुवा तेवढ्यात एखादी गोष्ट सांगतात. आमचे बुवा तर त्यासाठीच टपलेले असतात.

आता तोंडाकडे येऊ. चॅनेलला गेन, ८० हर्ट्झचा लो कट, तीन पट्ट्यांचा ईक्यू आणि पॅड. पॅडचं बटण २६ डेसिबलने सिग्नल खाली आणतं, आणि पखवाजाला ते दाबावंच लागतं. नवी कणीक लावलेला धामा (पखवाजाची खर्जाची बाजू), वरून जोशात आलेला पखवाजी, माईक चार बोटांवर. पॅड नसेल तर गेन पूर्ण खाली ठेवूनही लाल दिवा मिटत नाही. पखवाजाला लो कट मात्र दाबू नका, सगळा धामाच गायब होतो. बुवांच्या आणि पेटीच्या माईकला दाबा. पंख्याची घरघर आणि माईकस्टँडला लागलेले धक्के निम्म्याने कमी होतात.

गेन लावायची माझी रीत: बुवांना ‘वन-टू-थ्री’ म्हणू देत नाही. त्या आवाजाचा कार्यक्रमातल्या आवाजाशी काही संबंध नसतो. गजरातली वरच्या पट्टीची ओळ म्हणायला लावतो, आणि पीकचा दिवा क्वचित लुकलुकेल इथपर्यंत गेन चढवतो. मग हात लावायचा तो फक्त लेव्हलला.

पहिल्या दोन चॅनेलला एका नॉबचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणारा) आहे. मी तो बुवांना लावतो, पण नॉब पावभागच. जास्त फिरवला की हळू आवाजही उचलला जातो, बरोबर टाळांचा खणखणाट आणि मग शिट्टी. डी-प्री म्हणजे यामाहाचा माईक-प्री, त्याचा आवाज स्वच्छ आणि शांत आहे. गेन बराच चढवला तरी मागे ‘श्श्श’ येत नाही. आमच्या जुन्या मिक्सरवर बुवा बोलायचे थांबले की पावसाची सर आल्यासारखं वाटायचं. इफेक्ट २४ आहेत. त्यातला व्होकल एको आमच्या मंडळाला फार प्रिय. एकोशिवाय भजन झालं तर लोकांना साऊंड लावलाच नाही असं वाटतं. मला विचाराल तर हॉल रिव्हर्ब थोडासा, तेवढा पुरे. पण मत बुवांचं चालतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फेडर (वर-खाली सरकवायच्या पट्ट्या) नाहीत, सगळे गोल नॉब, अंधारात कुठला कुठे आहे ते बोटांना कळत नाही; मी बुवांच्या आणि मास्टरच्या नॉबवर पांढरा ठिपका काढलाय. चॅनेल गप्प करायला वेगळं बटण नाही, नॉब खाली फिरवायचा आणि परत आणताना पूर्वीची जागा लक्षात ठेवायची. गाणाऱ्याच्या समोरच्या मॉनिटरसाठी वेगळा सेंड नाही. आहे तो एकच, इफेक्टचा. यातलं बरंच काही वरच्या एमजी१२एक्सयूमध्ये मिळतं, फेडर, चॅनेलचं बटण वगैरे. डबलबारीला दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, दोन्हीकडचे कोरस; चार माईकमध्ये ते बसवायचं म्हणजे एका तरी पार्टीच्या शिव्या खायच्या. तिथे सोळा चॅनेलचाच हवा.

यूएसबीवरून लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग करता येतं, पण ते दोनच ट्रॅकचं, म्हणजे जे मिक्स होऊन बाहेर पडतं तेच. नंतर पखवाज वेगळा कमी करता येणार नाही. आणि लॅपटॉप चार्जरवर असला की बहुतेक वेळा भुंगा सुरू होतो. आधी चार्जर काढून बघा. भुंगा गेला तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. यूएसबीऐवजी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून गाणी वाजवायची असतील तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (असा सिग्नल माईकच्या इनपुटला द्यायची छोटी डबी) टाका, आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे सिग्नल जातो आणि अर्थचा फेरा तुटतो. वर म्हटलेले ‘दुसरे उपाय’ हेच. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सिग्नलच्या जाळीला तोडतं, करंटच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते चालतं.

कोकणात घेत असाल तर दोन गोष्टी जादा. खाऱ्या दमट हवेने जॅक आतून काळे पडतात, नॉब फिरवताना खरखर येते. आषाढ-श्रावणात मिक्सर कपाटात पडून असला तरी अधूनमधून अर्धा तास चालू ठेवा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पावसाळ्यात बदला. खरखर आलीच तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा, अ‍ॅडॉप्टर काढून, आणि पूर्ण सुकल्यावरच चालू. मशिनचं तेल मारणारे आमच्यात आहेत, ते करू नका, त्यावर धूळ बसून आणखी वाट लागते.

जुना घेत असाल तर अ‍ॅडॉप्टर ओरिजिनल आहे का आणि त्याची रिंग नीट आवळली जाते का ते पैसे देण्याआधी बघा. चारही माईक चॅनेल फँटम लावून एकेक तपासा, हेडफोन लावून प्रत्येक नॉब शून्यापासून पूर्ण फिरवा. विकणारा घाई करायला लागला तर मिक्सर तिथेच ठेवा.